शब्दांचा लमाण

आगगाड्या आणि मोटारी येण्यापूर्वी आपल्या देशात मालाची ने-आण बैलांच्या पाठीवरून होत असे. मीठ आणि धान्य यांच्या गोण्या शेकडो बैलांवर लादून लमाणांचे तांडे मुलूखच्या मुलूख तुडवीत जात. लमाण मीठ पिकवीत नसे की धान्य पेरीत नसे. ज्याने ते पिकविले त्याच्याकडून घ्यावयाचे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या दारी नेऊन पोहोचवावयाचे, एवढेच त्याचे काम. पण हे 'एवढेच' काम सोपे नव्हते. वाटेत नद्या होत्या, घाट होते, ऊन-पाऊस होता, चोराचिलटांचे भय होते. मिठाची गोण भिजली तर मीठ विरघळून जाई. धान्याची गोण फाटली तर दाणे वाटेवर सांडत. माल जसाच्या तसा पोहोचला, तरच लमाणाचे इमान राहिले.

मराठी रंगभूमीवरील एका थोर नटाने आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हेच नाव दिले. ज्याच्या नावावर नाट्यगृहे भरून जात, ज्याला पाहण्यासाठी माणसे रांगा लावीत, त्याने स्वतःला ओझे वाहणारा म्हणावे, याचे प्रथम नवल वाटते. परंतु विचार केला म्हणजे त्यातील मर्म ध्यानी येते. नाटककार शब्द लिहितो. ते शब्द ऐकावयास प्रेक्षक येतो. या दोघांच्या मध्ये नट उभा असतो. लेखकाच्या मनातील सुखदुःख वाटेत सांडू न देता प्रेक्षकाच्या हृदयापर्यंत नेऊन पोहोचविणे, हेच नटाचे कर्तव्य होय. हे कर्तव्य ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने पाळले, त्या नटाचे नाव डॉ. श्रीराम लागू.

श्रीराम लागू यांचा जन्म दिनांक १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. चार भावंडांत ते सर्वांत थोरले. वडील डॉक्टर होते. त्यामुळे रुग्ण, औषधे आणि सेवा यांचे वातावरण त्यांनी लहानपणापासूनच पाहिले होते. त्यांचे शालेय शिक्षण पुण्यातील भावे हायस्कुलात आणि पुढील शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथून ते पुण्याच्याच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. वैद्यकीचा अभ्यास कठीण. पाठ्यपुस्तके जाडजूड, परीक्षा कडक आणि रुग्णालयातील काम थकविणारे. तरीही या अभ्यासातून सवड काढून श्रीराम महाविद्यालयाच्या नाटकांत कामे करू लागले. एका हाती शरीरशास्त्राचे पुस्तक आणि दुसऱ्या हाती नाटकाची वही, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

या काळी पुण्यात भालबा केळकर नावाचे एक नाट्यवेडे प्राध्यापक होते. त्यांच्या भोवती तरुणांचा एक मेळा जमला होता. त्यातूनच 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन' ही हौशी नाट्यसंस्था १९५१ च्या सुमारास उभी राहिली. लोक तिला प्रेमाने 'पीडीए' म्हणत. हौशी संस्था म्हणजे जिथे पैशासाठी कोणी येत नाही. दिवसभर आपापले काम करावयाचे आणि रात्री तालमीसाठी एकत्र जमावयाचे. येथे नायकाचे काम करणाऱ्यालाही सतरंज्या घालाव्या लागत आणि पडदे ओढावे लागत. श्रीराम लागू या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. पुढे नामवंत झालेले नाटककार वसंत कानेटकर यांचे पहिले नाटक 'वेड्याचं घर उन्हात' याच संस्थेने १९५७ मध्ये रंगभूमीवर आणले आणि त्यात डॉ. लागू यांनी प्रमुख भूमिका केली.

दरम्यान त्यांनी कान, नाक व घसा या इंद्रियांच्या शस्त्रक्रियेचे विशेष शिक्षण घेतले होते. काही वर्षे पुण्यात व्यवसाय केल्यावर अधिक शिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंड या देशांत जाऊन आले. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात, टाबोरा या गावी शस्त्रवैद्य म्हणून कामही केले. टाबोरा हे समुद्रापासून शेकडो मैल आत असलेले गाव. एके काळी डोक्यावर ओझी घेऊन चालणाऱ्या हमालांचे तांडे या गावावरून जात असत. तेथे डॉक्टरांचा व्यवसाय उत्तम चालण्यासारखा होता. मान होता, पैसा होता, स्वास्थ्य होते. पण त्यांचे मन मात्र पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर घोटाळत होते. भारतात असताना ते पुण्यात 'पीडीए' आणि मुंबईत 'रंगायन' या संस्थांच्या नाटकांत रमून जात. परदेशी असताना हे सुख अंतरले होते.

अशा वेळी माणसापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. एका बाजूस सुरक्षित, प्रतिष्ठित आणि लोकोपयोगी असा व्यवसाय. दुसऱ्या बाजूस ज्याची कसलीही शाश्वती नाही अशी कला. नाटकाचा धंदा बेभरवशाचा. आज प्रयोग आहे, उद्या नाही. आज टाळ्या आहेत, उद्या रिकाम्या खुर्च्या. त्यातही दुसरा एक प्रश्न अधिक बोचणारा होता. डॉक्टर रुग्णाची वेदना दूर करतो. असे उपयोगी हात तोंडाला रंग लावण्यात का गुंतवावेत? समाजाने ज्याला डॉक्टर होण्याची संधी दिली, त्याने आपली विद्या बाजूस सारून नाटके करावीत, हे उचित होय काय? हा प्रश्न सहजासहजी झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शब्दांनी देता येत नाही. ते पुढील आयुष्याने द्यावे लागते.

१९६९ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, डॉ. लागू यांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडला आणि पूर्ण वेळ नट होण्याचे ठरविले. ज्या वयात बहुतेक माणसे आपले बस्तान पक्के करतात, त्या वयात त्यांनी नव्याने डाव मांडला. कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या ऐतिहासिक नाटकाने त्यांच्या व्यावसायिक रंगभूमीवरील वाटचालीस प्रारंभ झाला.

यानंतर वर्षभरातच ज्या भूमिकेने त्यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, ती भूमिका त्यांच्याकडे चालून आली. कविवर्य कुसुमाग्रज, म्हणजेच वि. वा. शिरवाडकर, यांनी 'नटसम्राट' हे नाटक लिहिले. इंग्लंडचा महाकवी शेक्सपिअर याच्या 'किंग लिअर' या नाटकातील वृद्ध राजाची छाया या नाटकावर आहे. परंतु यातील राजा खरा राजा नव्हे. तो रंगभूमीवर राजांच्या भूमिका गाजविलेला एक वृद्ध नट आहे. गणपतराव बेलवलकर हे त्याचे नाव. रंगभूमीवरून निवृत्त होताना तो आपली सारी मालमत्ता मुलांना वाटून देतो. पुढे मुलाच्या घरी त्याची अडचण होऊ लागते. मुलीच्या घरी तर त्याच्यावर चोरीचा आळ येतो. स्वाभिमानी वृद्ध पत्नीसह रात्री घर सोडतो. पत्नीही वाटेत त्याला सोडून जाते. ज्याच्या मस्तकावर हजारो प्रेक्षकांनी टाळ्यांचे छत्र धरले, तो नट रस्त्यावर येतो आणि त्याला आसरा देतो तो बुटांना पॉलिश करणारा एक अनाथ मुलगा.

मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेने हे नाटक पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. त्याचा पहिला प्रयोग दिनांक २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. वृद्ध बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. लागू त्या वेळी अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्नीची, कावेरीची, भूमिका शांता जोग यांनी केली. या नाटकात नटाला लांबलचक स्वगते आहेत. राग, अभिमान, वेड, पश्चात्ताप, विनोद आणि करुणा या साऱ्या भावनांतून त्याला एका रात्रीत जावे लागते. केस पांढरे केल्याने आणि पाठ वाकविल्याने म्हातारपण येत नाही. अपमान गिळताना म्हाताऱ्या माणसाचा आवाज कसा कापतो, उठताना तो कशाचा आधार शोधतो, जुन्या वैभवाची आठवण निघताच त्याचे डोळे कसे लकाकतात, हे सारे डॉ. लागू यांच्या अभिनयात दिसे. प्रयोग संपल्यावर कित्येक प्रेक्षक डोळे पुशीत घरी जात. घरी गेल्यावर आपल्या वृद्ध आई-वडिलांकडे ते निराळ्या नजरेने पाहत असतील, असे मानावयास हरकत नाही. 'डॉक्टराने नट होऊन काय साधले?' या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे सापडतो. शरीरावरील जखम शस्त्रवैद्य शिवतो. घराघरांतील न दिसणारी जखम चांगले नाटक उघडी करून दाखविते आणि ती बरी करण्याची बुद्धी देते.

या भूमिकेचा ताण मोठा होता. पुढे प्रकृतीच्या कारणाने डॉ. लागू यांना ती थांबवावी लागली. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी यांसारख्या गुणी नटांनी ती केली. नाटक पुढे चालत राहिले. लमाण थकला तर दुसऱ्याने ओझे उचलावयाचे, पण माल पोहोचलाच पाहिजे, हाच रंगभूमीचा धर्म आहे.

डॉ. लागू यांच्या अभिनयाचा पाया अभ्यास हा होता. आपल्याकडील प्राचीन नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींनी होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेशभूषा व रंगभूषा यांनी साधतो तो आहार्य आणि अंतःकरणातील भावाने प्रकटतो तो सात्त्विक. यांपैकी वाचिक अभिनयाचा डॉ. लागू यांनी विशेष विचार केला. 'वाचिक अभिनय' या नावाचे एक पुस्तकही त्यांनी लिहिले. घशाचा डॉक्टर असल्यामुळे आवाज कसा उत्पन्न होतो, हे ते चांगले जाणत. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते. त्यात दोन लवचीक स्वरतंतू असतात. फुफ्फुसांतील हवा वर येताना ते कंप पावतात आणि आवाज निर्माण होतो. साधे बोलतानाही पुरुषाचे स्वरतंतू एका सेकंदात शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळा कंप पावतात. जीभ, टाळू, दात आणि ओठ या आवाजाला निरनिराळ्या अक्षरांचा आकार देतात.

परंतु हे ज्ञान असणे निराळे आणि त्याचा उपयोग करणे निराळे. नाट्यगृहातील शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही नटाचा प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे. त्यासाठी नुसते ओरडून भागत नाही. ओरडण्याने घसा बसतो आणि अर्थही हरवतो. श्वास पुरवून वापरावा लागतो, शब्द स्पष्ट उच्चारावा लागतो, वाक्यातील कोणत्या शब्दावर भार द्यावयाचा हे ठरवावे लागते. 'तू उद्या येशील ना?' हे एवढेसे वाक्य घ्या. 'तू' या शब्दावर भार दिला तर एक अर्थ, 'उद्या' वर दिला तर दुसरा आणि 'येशील' वर दिला तर तिसराच अर्थ निघतो. आणि कित्येकदा तर शब्दापेक्षा दोन शब्दांमधील शांतताच अधिक बोलून जाते. ही शांतता नेमकी किती वेळ टिकवावयाची, हे डॉ. लागू यांना अचूक साधले होते.

नाटकाप्रमाणे चित्रपटातही त्यांनी मोठे यश मिळविले. या दोन कलांत पुष्कळ भेद आहे. नाटकाचा प्रयोग पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत सलग चालतो, आणि प्रेक्षक समोर बसलेला असतो. त्याचे हसणे आणि त्याचा निःश्वास नटाला ऐकू येतो. चित्रपटात तसे नसते. तेथे समोर कॅमेरा असतो आणि भोवती दिव्यांचा लखलखाट. कथेचा शेवट कधी आधी चित्रित होतो आणि आरंभ मागाहून. नाटकात दूरच्या प्रेक्षकासाठी हात उंच उभारावा लागतो. चित्रपटात कॅमेरा इतका जवळ येतो की पापणीची हालचालही पडद्यावर मोठी दिसते. रंगभूमीवरील नटाला हे नवे माप अंगवळणी पाडावे लागते. डॉ. लागू यांनी ते पाडून घेतले.

१९७२ मध्ये चित्रमहर्षी व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' हा मराठी चित्रपट प्रकाशित झाला. त्यात एका आदर्श शिक्षकाची भूमिका डॉ. लागू यांनी केली. गावाला सन्मार्ग दाखविणारा हा शिक्षक मोहात सापडतो आणि त्याचे अधःपतन होते. पुढे अशी विचित्र वेळ येते की, त्या शिक्षकाच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो! मीच तो शिक्षक, असे सांगितले तर त्याचा जीव वाचणार असतो. पण गावकऱ्यांच्या मनातील आदर्श मात्र कोसळून पडणार असतो. तो गप्प राहतो आणि शिक्षा पत्करतो. हा मनाचा झगडा डॉ. लागू यांनी थोड्या शब्दांत, पण चेहऱ्यावरील सूक्ष्म भावांतून दाखविला.

यानंतर डॉ. जब्बार पटेल यांच्या 'सामना' या चित्रपटात त्यांनी एका व्यसनाधीन, पण विवेक जागा असलेल्या मास्तराचे काम केले. गावातील बलाढ्य पुढारी हिंदुराव याची भूमिका निळू फुले यांची होती. गावातून नाहीसा झालेल्या एका सामान्य माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न हा मास्तर पुनःपुन्हा विचारीत राहतो आणि त्या एका प्रश्नाने सत्तेचा भक्कम वाडा हादरतो. हा चित्रपट १९७५ मध्ये जर्मनीतील बर्लिन येथील चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. १९७९ च्या 'सिंहासन' या चित्रपटात त्यांनी एका महत्त्वाकांक्षी मंत्र्याची भूमिका केली. हिंदी चित्रपटांतही त्यांनी पुष्कळ कामे केली. १९७७ च्या 'घरौंदा' या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये आलेल्या रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' या जगप्रसिद्ध चित्रपटात त्यांनी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका केली. ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात गोखल्यांनी अध्यापन केले, त्याच महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्याने त्यांना पडद्यावर पुन्हा उभे करावे, हा मोठा सुंदर योग होता.

चित्रपटाने पैसा आणि प्रसिद्धी दिली, तरी डॉ. लागू यांनी रंगभूमीला कधी अंतर दिले नाही. १९७२ मध्ये आलेल्या कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली' या नाटकात त्यांनी प्रा. भानू यांची भूमिका केली. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जीवनावरून हे पात्र लेखकाला सुचले होते. विजय तेंडुलकर, गो. पु. देशपांडे, महेश एलकुंचवार यांसारख्या नव्या विचारांच्या लेखकांची नाटके त्यांनी मुद्दाम निवडली. सर्वच नाटके गर्दी खेचणारी नव्हती. काहींवर टीका झाली. तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकाचे दिग्दर्शन त्यांनी १९७० मध्ये केले, तेव्हा परीक्षण मंडळाने त्यावर आक्षेप घेतले आणि त्यासाठी त्यांना झगडावे लागले. जे लेखकाने प्रामाणिकपणे लिहिले आहे ते प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे, मग ते कोणाला गोड लागो वा कडू, अशीच त्यांची वृत्ती होती. वयाची सत्तरी उलटल्यावरही त्यांनी 'सूर्य पाहिलेला माणूस' या मकरंद साठे यांच्या नाटकात ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याची भूमिका केली. सत्यासाठी विषाचा पेला ओठी लावणाऱ्या त्या म्हाताऱ्याशी या नटाचे काही आतले नाते असावे, असे पाहणाऱ्याला वाटे. कारण डॉ. लागू स्वतःही बुद्धीला पटेल तेच बोलत आणि बोलत तसेच वागत. अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीला त्यांनी उघडपणे पाठिंबा दिला. त्यांची काही मते अनेकांना पटत नसत. पण त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी विरोधकांनाही शंका नसे.

वैद्यकी सोडताना उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आणखी एका मार्गाने दिले. खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत पूर्ण वेळ समाजकार्य करणारे कार्यकर्ते स्वतःच्या पोटाची चिंता विसरून राबत असतात. त्यांच्या चरितार्थाची काही सोय व्हावी, म्हणून डॉ. लागू यांनी समविचारी सहकाऱ्यांसह 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभारण्यास हातभार लावला. या निधीसाठी निळू फुले यांच्यासारख्या नामवंत कलावंतांना बरोबर घेऊन त्यांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या विनोदी नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रात ठिकठिकाणी केले. प्रेक्षक पोट धरून हसले, आणि त्या हसण्यातून कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटण्यास साहाय्य झाले. 'दान' हा शब्द येथे नाही; 'कृतज्ञता' हा आहे. समाजासाठी जे झिजतात, त्यांचे आपण ऋणी आहोत, हा भाव त्या एका शब्दात साठविलेला आहे.

डॉ. लागू यांच्या आयुष्यात एक फार मोठे दुःख आले. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर आगगाडीने प्रवास करीत असताना, बाहेरून कोणीतरी भिरकावलेला दगड त्याला लागला आणि त्यातच त्याचा अंत झाला. दगड फेकणाऱ्याला तो क्षणभराचा खेळ वाटला असेल; पण त्याने एक घर कायमचे दुःखात बुडाले. अशा प्रसंगी माणूस जगावर रुष्ट होतो, मनाची दारे बंद करून घेतो. डॉ. लागू आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा लागू, यांनी तसे केले नाही. रंगभूमीची निष्ठेने सेवा करणाऱ्यांचा गौरव व्हावा, म्हणून त्यांनी २००४ मध्ये मुलाच्या नावाने 'तन्वीर सन्मान' हा पुरस्कार सुरू केला. ज्या नावाने डोळ्यांत पाणी यावे, त्या नावाने इतरांच्या कार्याचा सन्मान होऊ लागला. स्वतःच्या दुःखाचे ओझेही त्यांनी असे वाहिले की, त्यातून दुसऱ्याला काही मिळावे.

भारत सरकारने १९७४ मध्ये त्यांना 'पद्मश्री' हा किताब दिला. पुढे संगीत नाटक अकादमीने आपले सन्माननीय सदस्यत्व देऊन त्यांचा गौरव केला. दिनांक १७ डिसेंबर २०१९ रोजी पुणे येथे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षानंतर, त्यांचे निधन झाले.

नटाची कला ही पाण्यावरील रेघेसारखी असते, असे म्हणतात. चित्रकाराचे चित्र मागे राहते, कवीची कविता मागे राहते. पण रंगमंचावरील नटाचा प्रयोग पडदा पडताच संपतो. डॉ. लागू यांचे चित्रपट आजही पाहता येतात. परंतु १९७० च्या त्या डिसेंबरात रंगमंचावर उभा राहिलेला वृद्ध बेलवलकर आता कोणालाही जसाच्या तसा पाहावयास मिळणार नाही. मग त्याचे राहिले काय? लमाणाचा तांडा निघून जातो. पावलांचे ठसेही पावसात धुऊन जातात. पण त्याने आणलेले मीठ घराघरांतील अन्नात मिसळलेले असते, आणि जेवणाऱ्याला ते दिसत नसले तरी त्याची चव असतेच. ज्यांनी तो प्रयोग पाहिला आणि घरी जाऊन आपल्या वृद्ध पित्याचा हात हाती घेतला, त्यांच्यापाशी त्या नटाने वाहून आणलेले ओझे सुखरूप पोहोचले, असे म्हणावयास हवे.

स्वाध्याय

१. खालील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लमाण कोणता माल वाहून नेत असत?
(आ) 'पीडीए' ही संस्था कोणत्या प्रकारची होती?
(इ) डॉ. लागू यांनी पूर्ण वेळ नट होण्याचे कोणत्या वर्षी ठरविले?
(ई) 'हिमालयाची सावली' या नाटकातील प्रा. भानू हे पात्र कोणाच्या जीवनावरून सुचले?

२. खालील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डॉ. लागू यांनी आपल्या आत्मचरित्रास 'लमाण' हे नाव का दिले असावे?
(आ) नाटक आणि चित्रपट यांतील अभिनयात कोणता भेद असतो?
(इ) 'दान' आणि 'कृतज्ञता' या दोन शब्दांच्या अर्थांत काय फरक आहे?

३. डॉक्टराने आपला व्यवसाय सोडून नट होणे योग्य की अयोग्य, याविषयी वर्गात चर्चा करा. दोन्ही बाजूंची कारणे वहीत लिहा.

४. 'तू उद्या येशील ना?' हे वाक्य निरनिराळ्या शब्दांवर भार देऊन मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वेळी होणारा अर्थ सांगा.

५. वाक्यात उपयोग करा : बस्तान पक्के करणे, अंगवळणी पाडणे, अंतर देणे, देह झिजविणे.